दूरध्वनीवरील समुपदेशन सेवा : जोखमीच्या गटातील एका शिक्षिकेचा अनुभव

कोल्हापूर शहरातील एका छोट्या मानसोपचार केंद्राची दूरध्वनीवरून समुपदेशन देणारी सेवा मी नोव्हेंबर २०२० ते एप्रिल २०२२ या काळात घेतली. एकूण सतरा सत्रे झाली. पहिले सत्र एक तासाचे होते आणि त्याचे शुल्क ८०० रुपये होते. पुढची सोळा सत्रे प्रत्येकी पंचेचाळीस मिनिटांची आणि ६०० रुपयांची होती. म्हणजे दीड वर्षात १०,४०० रुपये खर्च झाले. या सेवेत मला जे मिळाले ते मोलाचे होते, परंतु काही त्रुटीही जाणवल्या आणि त्यांच्याविषयीही लिहायचे असल्यामुळे केंद्राचे नाव मी मुद्दाम देत नाही.

माझी परिस्थिती सांगितल्याशिवाय या अभिप्रायाचा उपयोग होणार नाही. मी करवीर तालुक्यातील एका माध्यमिक विद्यालयात नववी-दहावीला विज्ञान शिकवते. २०१२ पासून मला ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे. त्यासाठी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घ्यावी लागते. या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करते आणि मेथोट्रेक्सेट त्या यंत्रणेला आवर घालते. त्यामुळे सांधे वाचतात, पण संसर्गाशी लढण्याची ताकद काही प्रमाणात कमी होते. करोनाच्या काळात ज्यांना ‘सहव्याधी असलेले’ म्हटले जात होते, त्यांत मी होते. माझी भीती निराधार नव्हती, हे वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण या सेवेविषयीचे माझे मत त्याच एका गोष्टीवर उभे आहे.

राज्य शासनाने २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग सुरू करण्यास परवानगी दिली आणि शिक्षकांना त्याआधी आरटी-पीसीआर चाचणी करून घेण्यास सांगितले. चाचणीच्या रांगेत उभी असताना माझे हात इतके थरथरत होते की अर्जावरची माझी सही मलाच ओळखू येईना. त्याआधीचे आठ महिने मी घरातून शिकवत होते. सकाळी मुलांच्या व्हॉट्सॲप गटावर अभ्यासाचे दुवे पाठवायचे, दुपारी फोनवरून शंका सोडवायच्या, ज्यांच्या घरी स्मार्टफोन नाही त्यांच्या शेजाऱ्यांना फोन करायचा, असा दिवस जात असे. भीती त्या काळातही होती, पण घराच्या चार भिंतींमुळे ती झाकली गेली होती. वर्ग सुरू होणार हे कळल्यावर झोप उडाली. माझ्या संधिवाताच्या डॉक्टरांनी तपासणीच्या वेळी एकच प्रश्न विचारला, “किती वाजता जाग येते?” मी म्हटले, “अडीच.” त्यांनी औषधाच्या चिठ्ठीमागे या केंद्राचा क्रमांक लिहून दिला.

पहिली अडचण वेळ मिळण्याची होती. नाव नोंदवल्यापासून पहिल्या सत्रापर्यंत अकरा दिवस गेले. ज्या माणसाला रात्री अडीचला जाग येते त्याच्यासाठी अकरा दिवस फार मोठे असतात. निदान मधल्या काळात काय करावे याच्या चार ओळी तरी केंद्राने पाठवायला हव्या होत्या, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

दुसरी अडचण पहिल्या दोन सत्रांची. ज्या समुपदेशकांकडे माझे नाव दिले गेले होते ते सुस्वभावी होते, पण त्यांचा सगळा भर धीर देण्यावर होता. सकारात्मक राहा, बातम्या पाहू नका, बहुतेक लोक बरे होतात, असे ते सांगत राहिले. बहुतेक लोक बरे होतात हे मलाही माहीत होते. मी ज्या थोड्या लोकांत मोडण्याची शक्यता होती त्यांच्याविषयी बोलायला मी फोन केला होता. दुसऱ्या सत्रानंतर मी केंद्राला तसे स्पष्ट कळवले आणि समुपदेशक बदलून मागितला. केंद्राने एकही प्रश्न न विचारता तो बदलून दिला, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. मात्र नव्या बाईंना सगळी हकिकत पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागली, कारण आधीच्या नोंदी त्यांच्यापर्यंत पोहोचल्याच नव्हत्या.

या नव्या बाईंबरोबर पुढची पंधरा सत्रे झाली. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारले, “मॅडम, ही भीती नेमकी कोणत्या दिवसापासून आहे?” मला उत्तर लगेच सापडले आणि त्याचे मलाच आश्चर्य वाटले. मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंधक म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेण्याची शिफारस केली आणि पाहता पाहता औषध दुकानांतून ही गोळी नाहीशी झाली. २६ मार्चला शासनाने ती केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळेल असे बंधन घातले. माझ्याकडे आठ वर्षांची चिठ्ठी होती, पण गोळी कुठेच नव्हती. राजारामपुरीपासून महाद्वार रोडपर्यंत मी आणि माझे यजमान पाच दुकाने फिरलो. घरी नऊ दिवसांच्या गोळ्या उरल्या होत्या. सहाव्या दिवशी एका ओळखीच्या दुकानदाराने दोन पाकिटे बाजूला काढून ठेवली म्हणून निभावले. पण आपल्याला जगायला जे लागते ते आपल्याआधी दुसरे कोणीतरी घेऊन जाईल, ही भावना त्या आठवड्यात मनात जी शिरली ती निघाली नाही. हे सगळे ऐकल्यावर बाई म्हणाल्या, “म्हणजे तुम्हाला आजाराची भीती आहेच, पण त्याहून जास्त भीती ही आहे की वेळ आली तर आपला विचार कोणी करणार नाही.” आठ महिन्यांत हे मला कोणी म्हटले नव्हते आणि मी स्वतःलाही म्हटले नव्हते.

त्यांची पद्धत विवेकनिष्ठ मानसोपचाराची होती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यात मांडलेली ही पद्धत महाराष्ट्रात बऱ्यापैकी परिचित आहे. घटना आणि तिचा भावनिक परिणाम यांच्या मध्ये आपला दृष्टिकोन उभा असतो आणि त्या दृष्टिकोनात एखादा अट्टाहास लपलेला असेल तर तो शोधायचा, हे तिचे सूत्र. माझा अट्टाहास ‘मी पूर्ण सुरक्षित असलेच पाहिजे’ हा होता. बाईंनी मला धोका नाही असे एकदाही सांगितले नाही. धोका आहे, तो कमी करता येतो, शून्य करता येत नाही, आणि तो शून्य झाल्याशिवाय मी वर्गात पाऊल ठेवणार नाही असे ठरवले तर मला नोकरी सोडावी लागेल. मग मला खरोखर नोकरी सोडायची आहे का, असे त्यांनी विचारले. मला सोडायची नव्हती. तेव्हापासून आमचे बोलणे ‘भीती जाईल का’ यावरून ‘भीती असताना काय काय करता येईल’ याकडे वळले.

रोज संध्याकाळी साडेसहा ते सहा पन्नास ही माझी चिंतेची वेळ ठरली. दिवसभरात मनात आलेली प्रत्येक काळजी तेवढ्यापुरती बाजूला ठेवायची आणि या वीस मिनिटांत वहीत उतरवायची. वहीत दोन रकाने होते : माझ्या हातातले आणि माझ्या हाताबाहेरचे. तिसऱ्या आठवड्यात मी तक्रार केली की शाळेतल्या बहुतेक गोष्टी दुसऱ्या रकान्यात जातात आणि वही वाचून मला आणखी असहाय वाटते. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “मग तिसरा रकाना काढा. दुसऱ्याच्या हातातले, पण आपल्याला मागता येण्यासारखे.”

या सेवेतली मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट कोणती असे कोणी विचारले तर मी या तिसऱ्या रकान्याचे नाव घेईन. शिक्षकी पेशात, निदान मी पाहिलेल्या शाळांत, स्वतःच्या प्रकृतीसाठी काही मागणे हे कामचुकारपणाच्या जवळचे मानले जाते. तापमान मोजणारे यंत्र घेऊन फाटकावर उभे राहण्याची पाळी सगळ्यांना होती, शिक्षक-कक्षात डबे एकत्र खाल्ले जात होते, आणि मी मास्क काढत नाही हे पाहून एक सहकारी म्हणाले होते, “मॅडम, एवढं काय घाबरायचं? आम्ही पण येतोयच की.” त्यावर मी काहीच बोलले नव्हते आणि रात्रभर तेच वाक्य ऐकत पडले होते. बाईंनी माझ्याकडून एक उत्तर तयार करून घेतले आणि ते फोनवर पाच-सहा वेळा म्हणवून घेतले : “माझ्या औषधानं प्रतिकारशक्ती कमी होते, म्हणून मी मास्क काढत नाही.” त्यात कोणावर आरोप नव्हता आणि कोणाची क्षमाही मागितलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी ते मी म्हटले. समोरचे सहकारी क्षणभर थांबले आणि मग त्यांनी स्वतःची खुर्ची खिडकीकडे सरकवली.

त्यानंतर डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडून मुख्याध्यापकांना लेखी विनंती केली. तिच्यात तीन मागण्या होत्या : समोरासमोर खिडक्या असलेली वर्गखोली, फाटकावरच्या पाळीतून सूट, आणि सलग तास न देता मध्ये एक मोकळा तास, जो मी व्हरांड्यात बसून घालवू शकेन. हा मजकूरही आम्ही सत्रात तयार केला होता. पहिल्या दोन मागण्या मान्य झाल्या, तिसरी वेळापत्रकात बसली नाही. तीनपैकी दोन मिळाल्या याचे समाधान मला किती दिवस पुरले हे शब्दांत सांगणे कठीण आहे. पुढे मे २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने हवेतले सूक्ष्म कण दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात आणि खोलीत हवा खेळती ठेवणे महत्त्वाचे आहे असे जाहीर केले, तेव्हा खिडक्यांविषयी आग्रह धरल्याचे मला बरे वाटले. त्याच सुमारास भाजी साबणाच्या पाण्यात धुण्यात जाणारा माझा रोजचा अर्धा तासही वाचला.

ऑक्सिमीटरचा प्रसंग मात्र सविस्तर सांगितला पाहिजे, कारण तो अनेकांच्या घरी घडला असेल. डिसेंबरमधल्या एका पहाटे मला जाग आली, सवयीप्रमाणे मी बोटाला ऑक्सिमीटर लावला आणि त्यावर ९१ दिसले. ९५ च्या वर असायला हवे हे मला पाठ होते. मी यजमानांना उठवले, दवाखान्यात जाण्याची पिशवी भरली, आणि दिवा लावून पुन्हा पाहिले तर ९७ होते. हात बर्फासारखे गार होते. बोटातला रक्तप्रवाह कमी असेल तर हे यंत्र चुकीचा आकडा दाखवू शकते, हे मी विज्ञान शिकवत असूनही त्या क्षणी मला आठवले नाही. पुढच्या सत्रात बाईंनी विचारले की दिवसातून किती वेळा पाहता. मी मोजले तेव्हा एका दिवसाचा आकडा बावीस निघाला. प्रत्येक वेळी चांगला आकडा पाहून मिळणारा दिलासा दहा-पंधरा मिनिटे टिकायचा आणि पुन्हा पाहावेसे वाटायचे. हा दिलासाच भीतीला खतपाणी घालतो, हे त्यांनी मला उलगडून दाखवले. पण किती वेळा पाहावे हे त्यांनी स्वतः ठरवले नाही. ते माझ्या डॉक्टरांना विचारायला सांगितले. डॉक्टर म्हणाले, लक्षणे नसतील तर सकाळ-संध्याकाळ पुरे, हात चोळून गरम करून, बसून, आकडा स्थिर होईपर्यंत थांबून. बावीसवरून दोनवर यायला मला पाच आठवडे लागले.

आपली मर्यादा ओळखण्याचा हा गुण आणखी एकदा दिसला. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून जानेवारीत मी कोणाला न सांगता दोन आठवडे मेथोट्रेक्सेट घेतलीच नाही. मनगटे सुजली, खडू धरता येईना. हे सत्रात बोलता बोलता तोंडून निघून गेले. बाईंनी ते सत्र तिथेच थांबवले, आधी डॉक्टरांना फोन करा म्हणाल्या, आणि त्या दिवसाचे शुल्क पुढच्या सत्रासाठी वळते केले. डॉक्टरांनी समजावले की औषध परस्पर बंद केल्याने आजार उसळतो आणि मग स्टिरॉइड द्यावे लागले तर संसर्गाचा धोका उलट वाढतो. पुढे झोपेसाठी मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा हेही बाईंनीच सुचवले, कारण समुपदेशक औषध देऊ शकत नाहीत. तीन महिने मी एक गोळी घेतली आणि ती घेताना माझी सगळी औषधे त्या तज्ज्ञांना दाखवली. गोळी घेण्यात मला कमीपणा वाटला नाही, आणि कोणाला वाटत असेल तर वाटू नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

श्वासाच्या व्यायामाचा मला फारसा उपयोग झाला नाही. एन-९५ मास्क लावून दीर्घ श्वास घेताना गुदमरल्यासारखे व्हायचे. दोनदा प्रयत्न करून आम्ही तो सोडून दिला.

भीतीच्या पायऱ्या मात्र उपयोगी पडल्या. ज्या गोष्टी टाळत होते त्यांची यादी करून प्रत्येकीला शून्य ते शंभर असे गुण द्यायचे आणि कमी गुणांच्या पायरीपासून चढायचे. रिकाम्या वर्गात खिडक्या उघडून दहा मिनिटे बसणे वीस, पहाटे रंकाळा तलावाभोवती फेरी तीस, बँकेत जाणे पंचावन्न, नववीचा एक तास सत्तर, शिक्षक-कक्षातील बैठक पंच्याऐंशी. प्रत्येक पायरी गुण निम्म्यावर येईपर्यंत पुन्हा पुन्हा करायची. जोखमीच्या गटातील माणसासाठी बाईंनी यात एक महत्त्वाचा बदल केला होता : जी पायरी डॉक्टरांच्या मते खरोखर धोक्याची होती, उदाहरणार्थ सर्वांबरोबर बंद खोलीत मास्क काढून डबा खाणे, ती यादीत घेतलीच नाही. धैर्य सिद्ध करण्यासाठी धोका पत्करायचा नाही, असे त्यांनी निक्षून सांगितले होते.

१ मार्च २०२१ पासून साठ वर्षांवरील आणि पंचेचाळीस ते एकोणसाठ वयोगटातील ठरावीक सहव्याधी असलेल्यांचे लसीकरण सुरू झाले. मी सत्तेचाळीस वर्षांची होते, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे त्या यादीत होती, आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र घेऊन मी दुसऱ्याच आठवड्यात लस घेतली. आता सत्रे थांबवावीत असे मला वाटले होते. पण दुसरी लाट आली, वर्ग पुन्हा बंद झाले, आणि राज्याच्या इतर भागांत लाट ओसरू लागली तरी कोल्हापूर जिल्ह्यातील रुग्णसंख्या जून-जुलैपर्यंत उतरत नव्हती. त्यातच जुलैच्या शेवटी महापूर आला. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ त्रेचाळीस फुटांच्या धोका पातळीच्या कितीतरी वर गेली, महामार्ग बंद झाला, नळाला पाणी नव्हते. आमच्या नदीकाठच्या नातेवाइकांची सात माणसे आमच्या घरी आली. त्यांना नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता आणि बंद दारामागे बसून राहण्याचाही नव्हता. ठरलेल्या सत्राच्या वेळी फोन तीनदा तुटला. चौथ्यांदा मी गच्चीवर पावसात छत्री धरून बोलले. आम्ही वीस मिनिटांत घराची व्यवस्था ठरवली : कोणती खोली कोणाला, खिडक्या कशा उघड्या ठेवायच्या, जेवणाच्या दोन पंगती, आणि माझ्याकडे महिनाभराची औषधे आहेत की नाहीत. औषधे होती. २०२० च्या मार्चपासून ती नेहमी असतात.

फोनवरच्या सेवेची एक मोठी अडचण इथेच सांगते. दोन खोल्यांच्या घरात मोकळेपणाने बोलायला जागा नसते. माझी निम्मी सत्रे गच्चीवर आणि काही शाळेमागच्या झाडाखाली उभ्या गाडीत बसून झाली. सासूबाईंविषयी काही बोलायचे असेल तर ते सत्र गाडीतच ठेवावे लागे. शिवाय केंद्राच्या वेळा सकाळी दहा ते संध्याकाळी पाच अशाच होत्या, ज्या शाळेत नोकरी करणाऱ्या माणसाला सर्वांत गैरसोयीच्या आहेत. सत्रानंतर ठरलेल्या गोष्टींचे टिपण मिळत नाही. ते स्वतःच लिहून ठेवावे लागते.

४ ऑक्टोबर २०२१ ला शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग भरले आणि शाळेतली गर्दी एकदम वाढली. तरी पहिल्या दिवशी वहीत मी पन्नास लिहिले. आदल्या वर्षी त्याच गोष्टीला नव्वद लिहिले होते. सगळ्यात अवघड सत्र शेवटचे ठरले. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला, राज्यात मास्क ऐच्छिक झाला. गल्लीत सगळ्यांचे चेहरे मोकळे दिसत होते, लोक आनंदात होते, आणि मला मात्र एकटीलाच मागे ठेवून सगळे पुढे गेल्यासारखे वाटत होते. दोन दिवसांनी, ४ एप्रिलला, दहावीचा शेवटचा पेपर होता आणि माझ्याकडे पर्यवेक्षण होते. बाईंनी मला मास्क काढण्याचा किंवा न काढण्याचा सल्ला दिला नाही. वर्गात मुलांनी विचारले तर काय सांगाल, एवढेच विचारले. मी ते जुने वाक्य म्हटले आणि या वेळी ते आठवावे लागले नाही.

ज्यांना खर्च परवडत नाही किंवा अकरा दिवस थांबणे शक्य नाही, त्यांच्यासाठी केंद्र शासनाची टेलिमानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते. माझ्या वेळी ती नव्हती. खासगी सेवा घेणार असाल तर पहिल्याच फोनवर तुमचा आजार आणि औषधे सांगा, दीर्घ आजाराच्या रुग्णांबरोबर काम केले आहे का ते विचारा, आणि दोन सत्रांत सूर जुळला नाही तर समुपदेशक बदलून मागायला संकोच करू नका.

केंद्रात आता प्रत्यक्ष भेटीही सुरू झाल्या आहेत. ती सतरा सत्रे संपली असली तरी मी अजून तीन महिन्यांतून एकदा बाईंशी फोनवरच बोलते. त्यासाठी शनिवारी दुपारी साडेतीनची वेळ घेते, कारण शनिवारी सकाळची शाळा असते आणि त्या वेळी घरात कोणी नसते.